खेळाडूंची नावे कुठे जातात?

माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्नानंतर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात स्थायिक झाली. गेल्या उन्हाळ्यात ती नागपूरला आली तेव्हा तिने माझ्यासाठी एक पुस्तिका आणली. कवितांची असेल, फार तर कथांची, अशा समजुतीने मी ती उघडली. निघाला एका गावच्या बेसबॉल संघाचा इतिहास. त्या राज्याच्या किनाऱ्यावर केप कॉड नावाचे भूशिर कोपरात वाकवलेल्या हातासारखे समुद्रात शिरले आहे. तिथल्या गावांचे संघ उन्हाळ्याच्या सुट्टीत एकमेकांशी खेळतात आणि या संघांतून खेळायला देशभरच्या महाविद्यालयांतली मुले येतात. ही स्पर्धा आपला जन्म १८८५ सालचा सांगते. महाविद्यालयीन खेळाडूंची स्पर्धा म्हणून तिची आजची घडण १९६३ पासूनची. मुले गावातल्या कुटुंबांकडे उतरतात, त्यांच्या घरचे होऊन राहतात. एरवी महाविद्यालयाकडून खेळताना त्यांच्या हाती धातूची बॅट असते, इथे मात्र लाकडी. कारण व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडीच चालते, आणि तिथल्या संघांचे निवडकर्ते याच मैदानांच्या कडेला येऊन बसतात. दोन-अडीच महिन्यांत सगळे पांगतात. पुढच्या उन्हाळ्यात नवी मुले.

मला बेसबॉलमधले ओ का ठो कळत नाही. तरीही ती पुस्तिका मी एका बैठकीत वाचून संपवली, आणि त्याचे कारण खेळ नव्हे, नावे. कोणत्या साली कोण आले, कोणत्या जागी खेळले, कुणाच्या घरी राहिले. मैदानाचे गवत कोण कापत असे, गुणांची वही कोण लिहीत असे, पावसाने सामना धुऊन निघाला त्या दिवशी कुणाच्या ओसरीवर सगळे बसले होते. यातली बहुतेक मुले पुढे ‘कुणी’ झाली नाहीत. एखादा मोठा खेळाडू झाला असेल तर त्याच्या नावाला पुस्तिकेत जेवढी जागा, तेवढीच पुढे विमा विकणाऱ्यालाही. एका उन्हाळ्यापुरत्या जमलेल्या वीस-बावीस पोरांचाही इतिहास असतो, आणि तो लिहिणे हे गावच्या वाचनालयाचे साधे नित्यकर्म आहे, हे त्या पुस्तिकेने कुठलाही आव न आणता सांगितले होते.

आता माझ्याकडे वळते. मी मराठी शिकवते हे या पानावर येणाऱ्यांना ठाऊक आहे; मी खो-खो खेळत असे हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसावे. १९९९ च्या सुमारास आमच्या महाविद्यालयाच्या मुलींच्या संघात मी होते. विद्यापीठ तेव्हा नुसते ‘नागपूर विद्यापीठ’ होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव त्याला २००५ साली लागले. परीक्षा आटोपल्या की मे महिन्यात शिबिर असे. नागपूरचा मे महिना ज्यांनी भोगला आहे त्यांना सांगायला नको. पहाटे पाच ते सात सराव, मग दिवसभर कूलरसमोर मेल्यासारखे पडायचे, आणि संध्याकाळी सहाला पुन्हा मैदान. मैदानावर पाणी शिंपडले तरी माती तळपायाला चटके देत असे, कारण आम्ही अनवाणी खेळत असू. खुंटाजवळ सूर मारताना कोपर सोलायचे, आणि त्या सोलवटलेल्या कोपराचा अभिमान वाटायचा. कुणी काटोलकडची, कुणी रामटेकची, कुणी इंदोऱ्यातली, कुणी धरमपेठेतली. एरवी ज्यांनी एकमेकींच्या घरी पाणीही प्यायले नसते अशा आम्ही बाराजणी एका डब्यातले पोहे तर्री ओतून खात होतो. साहित्यात ज्याला सामाजिक अभिसरण म्हणतात आणि ज्यावर आम्ही चर्चासत्रे भरवतो, ते मी पहिल्यांदा पाहिले ते पाटीवर पाठीला पाठ करून बसलेल्या त्या मुलींत.

त्या वर्षी आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकली. चषक आला. त्यावर वर्ष आहे, देणगीदाराचे नाव आहे, त्या देणगीदाराच्या दिवंगत वडिलांचे नाव आहे. संघाचा एक फोटो जिन्याच्या भिंतीवर होता, चौकटीत, खाली सुवाच्य अक्षरात बाराजणींची नावे. पुढे एका मूल्यांकन समितीच्या स्वागतासाठी भिंती रंगवायला काढल्या तेव्हा असे सगळे फोटो उतरवले गेले आणि परत लागले नाहीत. चौकटी रद्दीवाल्याकडे गेल्या असे शिपाईकाकांनी मला नंतर सांगितले. त्यांना वाईट वाटले होते. मला वाटायला पाहिजे तेवढे त्या वेळी वाटले नाही, हे कबूल करते.

याहून मोठी कबुली पुढे आहे. काही वर्षांपूर्वी एम. ए. च्या एका विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी विषय सुचवला: एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाचा कबड्डी संघ, त्याची तीस-पस्तीस वर्षे. त्याचे वडील त्या संघातून खेळले होते. जुन्या खेळाडूंच्या मुलाखती घ्यायच्या, त्यांची मैदानावरची बोली टिपायची, आरोळ्या, शिव्या, टोपणनावे, गावोगावच्या सामन्यांचे किस्से, असा त्याचा आराखडा होता. बैठकीत प्रश्न आला, “यात साहित्य कुठे आहे?” विषय बदलण्यात आला. मुलाने अखेर ग्रामीण कादंबरीतील निसर्गचित्रणावर लिहिले. त्या विषयावर याआधी किती प्रबंध झाले असतील याची मोजदाद मी करणार नाही. त्या बैठकीत मी हजर होते, खो-खो खेळलेली एकमेव व्यक्ती बहुधा मीच होते, आणि मी एक शब्द बोलले नाही. प्रस्तुत लेख हे त्या गप्प बसण्याचे उशिरा आलेले उत्तर आहे असे समजावे.

आता अमरावतीची गोष्ट. नागपूरहून दीडशे किलोमीटरवर अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, ते स्थापन केले. शारीरिक शिक्षणाचे वर्ग उन्हाळ्याच्या सुट्टीत चालवण्याची प्रथा या संस्थेने १९२० च्या दशकातच पाडली आणि बाहेरगावचे शिक्षक-विद्यार्थी त्यासाठी वऱ्हाडातल्या त्या भाजणाऱ्या उन्हात येऊन राहू लागले. म्हणजे केप कॉडच्या मुलांसारखेच: उन्हाळा, परका गाव, एक मैदान. या मंडळाचे एक पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने जर्मनीला गेले आणि तिथे त्याने कबड्डी, खो-खो, मल्लखांब अशा आपल्याकडच्या खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. हा प्रसंग आपल्याला माहीत असतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या स्त्रियांनी आणि पुरुषांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून दोन्ही चषक जिंकले, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत आणि भ्रमणध्वनीवर बर्लिनचे ते वाक्य पुन्हा फिरले. बहुधा असेच असते ते: अमुक साली बर्लिनमध्ये आपल्या खेळांचे प्रदर्शन झाले, आणि हिटलरने कौतुक केले.

या एका वाक्याकडे आपण भाषेच्या माणसांनी जरा थांबून पाहावे. अकर्मक क्रियापद. प्रदर्शन ‘झाले’. कुणी केले ते नाही. वाक्यात नाव असलेला माणूस एकच, तो म्हणजे हिटलर. अमरावतीहून निघून, आगबोटीने समुद्र ओलांडून, परक्या थंड हवेत उघड्या अंगाने मल्लखांबावर चढलेल्या तरुणांची नावे संस्थेच्या दप्तरात असायचीच. पण लोकांच्या तोंडी जी कहाणी आहे तिच्यात ती येत नाहीत, आणि ती येत नाहीत हे कुणाला खटकतही नाही. ज्याने कौतुक केले असे म्हणतात त्याचे नाव आपण जपले. ज्यांचे केले त्यांचे नाही.

गंमत म्हणजे त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरात, महाविद्यालयीन बेसबॉलही आला होता. १२ ऑगस्ट १९३६ च्या रात्री बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये प्रात्यक्षिक म्हणून बेसबॉलचा सामना झाला. जपानशी खेळायचा बेत होता, तो फिसकटला, तेव्हा अमेरिकेने आपल्याच हौशी खेळाडूंचे दोन संघ पाडले. त्यांत महाविद्यालयीन मुलांचा भरणा होता. एका संघाचे नाव ‘वर्ल्ड चॅम्पियन्स’, दुसऱ्याचे ‘यू. एस. ऑलिंपिक्स’. सामना सात डावांचा झाला आणि पहिल्या संघाने तो ६–५ असा जिंकला. प्रेक्षक लाखाच्या आसपास होते, आणि त्यातल्या बहुतेकांना काय चालले आहे हे कळत नव्हते. दिव्यांचा उजेड अपुरा, उंच गेलेला चेंडू अंधारात नाहीसा व्हायचा. थोडक्यात, फजितीच. पण त्या फजितीचा गुणतक्ता आज उपलब्ध आहे: कोण कुठे उभा होता, कुणी किती धावा काढल्या, कुणाचा फटका सीमेपार गेला. अमेरिकेत बेसबॉलच्या इतिहासाचे संशोधन करणाऱ्यांची एक संस्था १९७१ पासून आहे. तिच्यात प्राध्यापक थोडे, पोस्टमन, वकील, निवृत्त शिक्षक जास्त. अशा माणसांनी त्या रात्रीच्या खेळाडूंचा माग काढून त्यांच्या पुढच्या आयुष्याच्या टिपा लिहून ठेवल्या आहेत.

दोन्ही प्रात्यक्षिकांचे पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. बेसबॉल १९९२ साली बार्सिलोनाला पदकाचा खेळ झाला, पुढे बाहेरही पडला, परत आला. कबड्डी १९९० पासून आशियाई स्पर्धांत आहे; ऑलिंपिकचे दार तिच्यासाठी अजून उघडलेले नाही. माझा मुद्दा पदकांचा नाही. अमेरिकन माणूस आपल्याहून जास्त भावनाशील आहे असेही मला म्हणायचे नाही. फरक सवयीचा आहे: सामना संपला की वही मिटायची नाही, ती ठेवायची.

बर्लिनच्या वाक्यात आणखी एक गोष्ट गिळली गेली आहे, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. १९३६ चे बर्लिन म्हणजे न्युरेंबर्गचे वंशविद्वेषी कायदे होऊन एकच वर्ष झालेले शहर. ग्रेटेल बर्गमन ही उंच उडीतली जर्मन खेळाडू केवळ ज्यू असल्यामुळे ऑलिंपिकच्या तोंडावर संघातून वगळली गेली. आणि जुलैच्या १६ तारखेला, खेळ सुरू व्हायला दोन आठवडे उरले असताना, पोलिसांनी बर्लिनमधल्या शेकडो रोमा स्त्री-पुरुषांना आणि मुलांना पकडून शहराच्या कडेला मार्त्सान इथल्या छावणीत नेऊन टाकले. पाहुण्यांना शहर ‘स्वच्छ’ दिसावे म्हणून. रोमांची भाषा मूळची आपल्या उपखंडातली. पाणी, नाक, कान या शब्दांची तिच्यातली रूपे मराठी कानाला ओळखीची वाटावीत इतकी जवळची आहेत. तेव्हा चित्र असे: वऱ्हाडातली मुले एका मैदानावर टाळ्या घेत आहेत, आणि काही मैलांवर त्यांच्याच दूरच्या भाषाभगिनी काटेरी पहाऱ्यात आहेत. त्या मुलांना हे दिसले असेल की नसेल, हा त्यांच्या अपराधाचा प्रश्न नाही. परतंत्र देशातल्या विशी-पंचविशीतल्या तरुणांना यजमानांनी जेवढे दाखवले तेवढेच दिसणार. प्रश्न आपल्या अभिमानाचा आहे. नव्वद वर्षे होत आली तरी आपण हिटलरची शाबासकी पदकासारखी छातीवर मिरवतो, आणि त्या छातीला एकदाही टोचत नाही. नावे गेली की असे होते. माणूस नाहीसा झाला की त्याने काय पाहिले, त्याला कशाची भीती वाटली, परत आल्यावर तो घरी काय बोलला, हे प्रश्नही नाहीसे होतात. उरते ते प्रशस्तिपत्र.

याच बर्लिनमधल्या हॉकी संघाची गोष्ट आपल्याला वेगळ्या तऱ्हेने माहीत आहे. अंतिम सामना १५ ऑगस्टला झाला, भारताने जर्मनीला ८–१ हरवले. पण त्याआधी सरावात याच जर्मनीकडून मार खाल्ला होता, खेळाडू धास्तावले होते, आणि सामन्यापूर्वी पंकज गुप्तांनी कपड्यांच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला, त्याला सर्वांनी वंदन केले. ही भीती, हा झेंडा आपल्यापर्यंत आला कारण ध्यानचंदांनी १९५२ साली ‘गोल’ हे आत्मकथन लिहिले. एक खेळाडू बोलला, आणि एका सामन्याचा इतिहास माणसांचा झाला.

मराठीत खेळांवर लेखन नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. योगायोग पाहा, बडोद्याला द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेल्या व्यायामज्ञानकोशाचे प्रकाशन १९३६ मध्येच सुरू झाले आणि १९४९ पर्यंत त्याचे दहा खंड निघाले. दहा खंड! मराठीत हे कुणा एका माणसाच्या चिकाटीवर उभे राहिले याचे कौतुक आजही पुरेसे झालेले नाही. कुस्ती, मल्लखांब, आखाड्याची माती, मैदानी खेळ, सगळे तपशील त्यात आहेत. हुतुतूचे मैदान आखणे, खो-खोचे नियम बसवणे हेही काम महाराष्ट्रात आणि बडोद्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत झाले. पुढे वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मधून देशी खेळांना वर्तमानपत्रात हक्काची जागा मिळवून दिली. आणि दि. ब. देवधरांसारखा संस्कृतचा प्राध्यापक महाराष्ट्राला १९३९–४० आणि १९४०–४१ असे सलग दोनदा रणजी करंडक जिंकून देणारा कर्णधार होता. वर्ग आणि मैदान यांत त्या पिढीने आजच्यासारखी भिंत घातली नव्हती. एकनाथांनी हुतुतूवर भारूड केले, तुकोबांनी विटीदांडूवर अभंग. खेळाला परमार्थाचे रूपक करायला आमच्या परंपरेला कमीपणा वाटला नाही. तरी एक उणीव राहिलीच. ज्ञानकोशात नियम आले, अभंगात रूपक आले, वर्तमानपत्रात निकाल आला. संघ आला नाही. चार महिन्यांसाठी जमलेली, एकमेकांच्या श्वासाची लय ओळखणारी आणि मग पांगणारी ती लहानशी मंडळी कुठल्याच खान्यात बसली नाही.

ती बसवली सिनेमाने. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. पावसात फुटक्या बादलीला लाथाडत खेळणारी पोरे त्यांनी पाहिली आणि त्यातून हे सगळे उभे राहिले, ही हकिकत आता सर्वश्रुत आहे. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ साली आला. मला तो चित्रपट आवडला. त्यातल्या पोरांची नागपुरी हिंदी ऐकताना आपलेच शहर प्रथमच पडद्यावर बोलते आहे असे वाटले. पण पाहा, हे शहर बोलले ते चित्रपटात, आणि चित्रपटाला त्याच्या गरजा असतात. बारसे तिथे ‘बोराडे’ झाले, मुलांची आयुष्ये कथेच्या सोयीने जुळवली गेली, आणि ते योग्यच आहे. कलाकृतीला तो अधिकार आहे. अडचण एवढीच, की कलाकृतीच्या शेजारी ठेवून पाहायला नोंदीचे पुस्तक नाही. रविनगरच्या मैदानापासून काही मिनिटांच्या अंतरावर विद्यापीठाचे मराठी अध्यापन चालते. आमच्यापैकी किती जण त्या मुलांकडे वही घेऊन गेले? मी गेले नाही.

“यात साहित्य कुठे आहे?” या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर अमरावती जिल्ह्यातच, रिद्धपूरला जावे लागेल. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी काय केले? ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते, ऐकले होते, त्यांच्याकडे ते गेले. कुणी शेतात होता तर शेतात गेले. कुठले गाव, कुठले देऊळ, कुणी काय विचारले, स्वामी काय म्हणाले, हे सारे त्यांनी गोळा केले आणि नागदेवाचार्यांना विचारून पारखून घेतले. सांगणाऱ्यांच्या आठवणी जुळल्या नाहीत तिथे परंपरेने पाठभेद राखले, एकाला खरे ठरवून दुसऱ्याला पुसून टाकले नाही. आमच्या भाषेतला आद्य गद्यग्रंथ हा असा तयार झाला: हिंडून, विचारून, नावानिशी लिहून. म्हातारी बाई, गुराखी, स्वयंपाक करणारी, सगळ्यांची नावे त्यात आहेत. लीळाचरित्र आम्ही दरवर्षी शिकवतो, त्याची संकलनपद्धती पाच गुणांसाठी विचारतो, आणि तीच पद्धत वापरू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सांगतो की हा मराठीचा विषय नव्हे. रिद्धपूरला आज मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे. तिथे तरी हा प्रश्न असा विचारला जाऊ नये.

माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, बाई, सगळ्याच गोष्टींचा इतिहास लिहीत बसलो तर वाङ्मयाचे मूल्य कोण पाहणार? हळदीकुंकवाच्या याद्याही मग प्रबंधाचा विषय होतील. मूल्यविचार सोडून सरसकट दस्तऐवज गोळा करणे हा आमच्या विद्यापीठीय संशोधनाला जडलेला रोग आहे हे मलाही मान्य आहे. खंडच्या खंड निघतात आणि वाचण्याजोगे एक पान मिळत नाही. पण संघाच्या इतिहासात निवड, कथन, दृष्टिकोन, बोली, विस्मरण, अतिशयोक्ती हे सगळे कच्च्या रूपात समोर असते. एकाच सामन्याची हकिकत चढाई करणारा एक सांगतो, ज्याने पकड सोडली तो वेगळी, पंच तिसरी. कथनमीमांसेचा तास याहून चांगला कुठे मिळेल? आणि हळदीकुंकवाच्या यादीतून एखादीने पेठेतल्या पन्नास वर्षांतल्या बायकांची कहाणी उभी केली, तर मी तो प्रबंध आनंदाने वाचीन.

पद्धतीचा एक तिढा आहे, तो मात्र सोडवायला हवा. नावे लिहायची तर माणसांना विचारावे लागते. या लेखात मी माझ्या संघातल्या एकीचेही नाव घेतलेले नाही हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. नावे गाळल्याबद्दल एवढा कंठशोष करून मी स्वतः तेच करते आहे. पण लग्नानंतर कुणाचे नाव बदलले, कुणाच्या सासरी ‘ही मैदानावर खेळायची’ हे ठाऊक नाही, एकीला ते ठाऊक व्हायला नको आहे. नाव पुसले जाणे आणि नाव झाकून ठेवण्याचा हक्क असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून सध्या नावे एका वहीत आहेत आणि वही माझ्या टेबलाच्या खणात.

वही या एप्रिलपासून सुरू झाली. आम्ही तिघी जमलो, माझ्याच घरी, पन्हे घेऊन. आधी संघाची यादी करू म्हटले; पाच मिनिटांचे काम. अकरा नावे आली. बारावी आठवेना. अंतिम सामन्यात शेवटच्या पळतीत कोण बाद झाली यावर दोघींचे भांडण झाले, इतके की मी दोन्ही हकिकती समोरासमोरच्या पानांवर उतरवल्या. बारावी मुलगी राखीव खेळाडू होती, उंच होती, उमरेडच्या गाडीने यायची, डब्यात नेहमी ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी असायची, हे तिघींनाही आठवते. आम्ही तिला ‘शिडी’ म्हणत असू. दुसऱ्या वर्षी ती आलीच नाही, आणि का आली नाही हे आमच्यापैकी कुणी विचारले नव्हते. आमच्या तेव्हाच्या क्रीडाशिक्षकांना फोन लावला. ते आता थकले आहेत. म्हणाले, फोटोखाली नाव होते ना, बघा की. पुढच्या रविवारी उमरेडला जाऊन तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयाचे जुने हजेरीपट बघायला मिळतात का, ते पाहणार आहोत.